चिकन आणि अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

धुळवड, आखाडी किंवा पोळ्याची कर जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर तोच जुना मेसेज पुन्हा फिरू लागतो: ब्रॉयलर खाऊ नका, त्यात सुपरबग आहे. मेसेज पूर्ण खोटा नाही, पण त्यात धोका भलत्याच ठिकाणी दाखवलेला असतो. लोक रश्शाला घाबरतात आणि ओट्यावरच्या पाटाकडे बघतही नाहीत. म्हणून नेहमी कानावर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण सगळे प्रश्नही सारख्या वजनाचे नाहीत.

अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू म्हणजे नेमकं काय?

अँटिबायोटिक दिलं की बहुतेक जंतू मरतात. ज्या थोड्यांच्या अंगी त्या औषधातून वाचायची काही युक्ती असते, ते उरतात आणि वाढतात. काही जंतू औषधाचे तुकडे करणारं एन्झाइम बनवतात, काही औषध आत शिरताच बाहेर फेकतात, तर काही औषध जिथे चिकटतं ती जागाच बदलून टाकतात. औषध जितकं जास्त आणि जितकं अर्धवट वापरलं जाईल तितके हेच उरलेले जंतू बोकाळतात. अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ मध्ये नोबेलच्या भाषणातच हा इशारा दिला होता.

यातली सर्वांत त्रासदायक गोष्ट म्हणजे ही युक्ती जंतूला जन्मानेच मिळावी लागते असं नाही. प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवरून ती एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाते, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूकडेसुद्धा. शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावं इतकं ते सोपं असतं. त्यामुळे कोंबडीच्या आतड्यातला निरुपद्रवी जंतूही आपली युक्ती माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूला देऊ शकतो.

पण कोंबडीला अँटिबायोटिक द्यायचंच कशाला?

तीन कारणं आहेत आणि ती वेगळी ठेवली नाहीत तर सगळा वाद गढूळ होतो.

पहिलं कारण आजारावर उपचार. यात गैर काही नाही. आजारी जनावराला औषध मिळालंच पाहिजे.

दुसरं, आजार होऊ नये म्हणून आधीच देणं. एका शेडमध्ये हजारो पिल्लं असतात. त्यातल्या दहांना सर्दी झाली तर दहांना वेगळं काढून डोस पाजत बसणं शक्य नसतं, म्हणून औषध सगळ्यांच्या पिण्याच्या पाण्यात जातं. जो पक्षी आजारी असतो तो पाणी कमी पितो, त्याला डोस कमी पडतो. धडधाकट पक्ष्याला मात्र गरज नसताना पूर्ण डोस मिळतो. दाद न देणारे जंतू तयार करायचे ठरवलं असतं तरी याहून चांगली सोय झाली नसती.

तिसरं, वजन लवकर वाढावं म्हणून खाद्यात रोज थोडं थोडं मिसळणं. याची सुरुवात अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत झाली. तिथे येल्लाप्रगडा सुब्बाराव संशोधन विभागाचे प्रमुख असताना ऑरिओमायसिन हे औषध सापडलं. पुढे त्याच कंपनीतल्या थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांना दिसलं की या औषधाच्या निर्मितीत उरलेला चोथा खाणारी पिल्लं झपाट्याने वाढतात. १९५० नंतर ही पद्धत जगभर गेली. स्वीडनने १९८६ मध्ये आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीचा वापर पूर्ण बंद केला.

आपल्याकडच्या शेतकऱ्याची बाजूही सांगायला हवी. विदर्भात बरेच शेड करारावर चालतात. पिल्लं, खाद्य, औषध कंपनी देते आणि शेतकऱ्याला किलोमागे पालनखर्च मिळतो. मरतूक वाढली की त्याचाच हिशेब बिघडतो. त्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, पक्षी धापा टाकतात, त्यांची प्रतिकारशक्ती घटते. अशा वेळी कुणी "साहेब, एक कोर्स देऊन टाका" म्हटलं तर तो नाही कसा म्हणणार? सगळा दोष त्याच्या माथी मारणं मला पटत नाही.

चिकनमध्ये अँटिबायोटिक असतं की जंतू असतात?

दोन्ही असू शकतात, पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बातम्यांमध्ये त्यांची हमखास सरमिसळ होते.

पहिला प्रश्न औषधाच्या अंशाचा. कोंबडीला दिलेलं औषध तिच्या मांसात, कलेजीत, गुर्द्यात काही दिवस राहतं. म्हणून औषध थांबवल्यावर ठरावीक दिवस गेल्याशिवाय पक्षी विकायचा नसतो. याला शेडवर 'विड्रॉवल पिरियड' म्हणतात. आपल्याकडे २०१२ पासून नियम आहे की ज्या औषधाचा असा काळ तपासून ठरवलेला नाही, त्याच्यासाठी मांसाच्या बाबतीत किमान २८ दिवस धरावेत. आता ब्रॉयलर विकला जातो सहाएक आठवड्यांत. हिशेब करा: असं औषध पहिल्या दोन आठवड्यांनंतर द्यायलाच नको. प्रत्यक्षात आजार येतात ते बरेचदा शेवटच्या पंधरवड्यात. नियम आणि शेड यांच्यातली दरी इथे दिसते.

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले होते. त्यातल्या ४० टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश निघाले. यात एन्रोफ्लॉक्सासिन होतं. हे औषध जनावरांचं असलं तरी शरीरात त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये बदलतो, म्हणजे डॉक्टर आपल्याला देतात तेच. हा अभ्यास दिल्लीचा आहे, त्यावरून नागपूरचा टक्का काढू नये.

दुसरा प्रश्न जिवंत जंतूंचा: ई. कोलाय, साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर, क्लेबसिएला वगैरे. औषधाचा अंश शून्य असलेल्या चिकनवरही दाद न देणारे जंतू असू शकतात. औषध शरीरातून निघून गेलं तरी त्याने निवडलेले जंतू आतड्यात तसेच राहतात.

सावजीत तर सगळं उकळून निघतं. मग चिंता कशाला?

निम्मं बरोबर आहे आणि हे निम्मं महत्त्वाचं आहे. अँटिबायोटिकला दाद न देणारा जंतू उष्णतेला मात्र साध्या जंतूसारखाच दाद देतो. औषधापासून वाचायची युक्ती त्याला कढईत उपयोगी पडत नाही. मांसाच्या सर्वांत जाड भागात आत ७४ अंश सेल्सिअस तापमान पोचलं की हे जंतू मरतात. रटारटा उकळणारा सावजी रस्सा आणि कुकरच्या शिट्ट्या यात ही गोष्ट आरामात साधते. तर्री लाल असो की काळी, तिखटाचा याच्याशी काही संबंध नाही. जंतू मारते ती आच.

औषधाच्या अंशाचं तसं नाही. काही अँटिबायोटिक शिजवताना बऱ्यापैकी नष्ट होतात, पण एन्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं उष्णतेला चिवट असतात. त्यावर घरच्या चुलीवर इलाज नाही, तो शेडमध्येच करावा लागतो.

जिथे खरंच सावध राहायचं ते पदार्थ वेगळे आहेत. तंदुरी लेग बाहेरून करपलेला आणि हाडापाशी कच्चा, घाईत तळलेले जाड लॉलीपॉप, शोरमाच्या खांबावरून वरचा थर शिजायच्या आत कापलेलं मांस, फ्रीजरमधून काढून थेट तव्यावर टाकलेले पॅटिस. हाडाजवळची लाली बघून मात्र निर्णय घेऊ नका. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातला मगज पाझरतो आणि नीट शिजलेलं मांसही तिथे लालसर दिसतं. उलट कधी पांढरं दिसणारं मांस आत कच्चं असतं. घरी तंदूर किंवा ओव्हन वापरत असाल तर टोचायचा थर्मामीटर घ्या, तो काही फार महाग येत नाही.

मग धोका नेमका आहे कुठे?

ओट्यावर. पिशवी उघडल्यापासून मसाल्यात पहिली उकळी येईपर्यंत.

आपल्या स्वयंपाकघरात रविवारी सकाळी काय चालतं ते आठवा. चिकन एका पाटावर किंवा ताटात ओतलं जातं, मोठे तुकडे तिथेच लहान केले जातात. मग पाट नळाखाली नुसता विसळला जातो आणि त्याच पाटावर कांदा, लिंबू आणि सांबार (म्हणजे कोथिंबीर) कापला जातो. चिकन शिजतं, त्यावरचे जंतू मरतात. कांदा, लिंबू आणि वरून पेरलेला सांबार मात्र कच्चाच खातो आपण. सावजीच्या ताटात कच्चा कांदा नसेल तर जेवण पूर्ण होत नाही, आणि तोच कांदा जंतूंना थेट पोटापर्यंत नेतो.

हात हा दुसरा रस्ता. चिकनला मसाला चोळता चोळता फोन वाजतो, त्याच हाताने तो उचलला जातो. मग मिठाचा डबा, फ्रीजचं हँडल, गॅसचं बटण, लेकराचं नाक. कॅम्पायलोबॅक्टरच्या काहीशे पेशी पोटात गेल्या तरी माणूस आजारी पडू शकतो. एवढ्या पेशी थेंबभर पाण्यात सहज मावतात.

तिसरा रस्ता फ्रीजचा. दुकानातली पातळ काळी पिशवी गळते. ती वरच्या कप्प्यात ठेवली की लाल पाणी खालच्या दह्यावर, कापलेल्या फळांवर टपकतं.

उपाय कंटाळवाणे आहेत, पण तेवढेच आहेत. चिकनचा पाट आणि सुरी वेगळी ठेवा. ते जमत नसेल तर कांदा-सांबार आधी कापून झाकून ठेवा आणि चिकन शेवटी हाती घ्या. नंतर पाट, सुरी, विळी, बेसिन साबणाने आणि गरम पाण्याने घासा, आणि पाट उन्हात कडक वाळू द्या. ऊन नागपुरात फुकट आहे. हात साबणाने वीस सेकंद धुवा. चिकन पुसलेला फडका पुन्हा ओट्यावर फिरवू नका. फ्रीजमध्ये कच्चं चिकन झाकणाच्या डब्यात आणि सर्वांत खालच्या कप्प्यात.

चिकन धुवायचं की नाही?

यावर घराघरात भांडणं होतात. परदेशातल्या अन्नसुरक्षा संस्था सांगतात, धुऊच नका. नळाच्या धारेखाली धरलं की शिंतोडे उडतात आणि जंतू ओटाभर पसरतात. हे खरं आहे. पण तो सल्ला कारखान्यात स्वच्छ करून बंद पुडक्यात येणाऱ्या चिकनसाठी आहे. आपल्या चिकन सेंटरमधून आलेल्या मांसाला रक्त, पिसांची टोकं, कधी आतड्याचा तुकडा लागलेला असतो. ते न धुता शिजवा म्हटलं तर आपल्या घरात कुणी ऐकणार नाही, आणि मीही आग्रह धरणार नाही.

मधला मार्ग असा: धारेखाली धरू नका. खोल पातेल्यात पाणी घ्या, त्यात चिकन बुडवून हलक्या हाताने साफ करा, पाणी बेसिनच्या जाळीपाशी हळूच ओता, मग बेसिन घासा. शेजारी धुतलेली भांडी, कोथिंबीर, पोळ्यांचा डबा काही ठेवू नका. धुण्याने घाण निघते, जंतू जात नाहीत. एवढं ध्यानात असलं की पुरे.

हळद, मीठ, लिंबू, दही लावून ठेवलं तर जंतू मरतात ना?

नाही. चव येते, मांस मऊ होतं. वाढ थोडी मंदावू शकते. रात्रभर मुरवत ठेवायचं असेल तर फ्रीजमध्येच ठेवा, ओट्यावर नाही.

फ्रीजरमध्ये ठेवल्यावर तरी मरतात का?

बहुतेक मरत नाहीत, झोपतात. बाहेर काढलं की जागे होतात. गोठलेलं चिकन रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आणून सोडा, सकाळी सुटलेलं असतं.

नागपूरकरांसाठी खरा मुद्दा उन्हाचा आहे. उबदार वातावरणात ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. दोन तासांत ६४ पट, तीन तासांत ५१२ पट. म्हणून नियम असा की कच्चं किंवा शिजलेलं मांस बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. एप्रिल ते जून इथे दुपारीच काय, रात्रीही पारा ३२ च्या खाली येईल याची खात्री नसते. मंगळवारी बाजारातून चिकन घेऊन, बर्डीवर दोन कामं उरकून, डिकीत पिशवी ठेवून घरी जाणं हा प्रकार उन्हाळ्यात बंद करा. चिकन शेवटी घ्या आणि सरळ घर गाठा.

असे जंतू पोटात गेले तर लगेच काय होतं?

बरेचदा काहीच होत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. साल्मोनेला किंवा कॅम्पायलोबॅक्टर असेल तर जुलाब, ताप, पोटात मुरडा येतो आणि निदान कळतं तरी. ई. कोलाय मात्र मुकाट आतड्यात मुक्काम ठोकतो. महिन्यांनी, कदाचित वर्षांनी, तोच जंतू लघवीच्या मार्गात शिरतो आणि नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही. तेव्हा कुणाला रविवारचं चिकन आठवत नाही.

हा नुसता अंदाज नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ शहरात संशोधकांनी दुकानातलं मांस आणि लघवीच्या संसर्गाचे रुग्ण यांच्यातल्या ई. कोलायची जनुकं ताडून पाहिली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कोंबड्यांशी जुळवून घेतलेला एक वाण माणसांतही सापडला.

आपल्याकडची स्थिती आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देखरेख जाळ्यातून कळते. सेवाग्रामची वैद्यकीय संस्था या जाळ्यातलं एक केंद्र आहे. रुग्णालयांतल्या नमुन्यांत इमिपेनेम या भारी औषधाला दाद देणारे ई. कोलाय २०१७ मध्ये सुमारे ८१ टक्के होते, २०२३ पर्यंत ते सुमारे ६३ टक्क्यांवर आले. हे सगळं कोंबडीमुळे झालं असं कुणी म्हणत नाही. माणसांनी खाल्लेल्या गोळ्या, रुग्णालयातली स्वच्छता, सांडपाणी, सगळ्यांचा यात हात आहे. कोंबडी त्या साखळीतली एक कडी आहे, पण रोजच्या जेवणात येणारी.

डोळ्यांसमोर कापून घेतलेलं बरं की पॅकबंद?

डोळ्यांसमोर कापलेलं ताजं असतं यात वाद नाही, पण ताजं आणि स्वच्छ या दोन गोष्टी आहेत. जंतू कोंबडीच्या आतड्यात असतात. पोट साफ करताना आतडं फुटलं की ते मांसावर येतात. मग तोच लाकडी ओंडका, तीच सुरी, तेच बादलीतलं पाणी पुढच्या पक्ष्याला. म्हणजे तुमची कोंबडी साफ असली तरी आधीच्या गिऱ्हाइकाची तुमच्या पिशवीत थोडी येतेच. पॅकबंद मालात थंड साखळी सहसा नीट असते, पण मोठ्या कारखान्यात हजारो पक्षी एकाच ओळीतून जातात, तिथेही एकाचं दुसऱ्याला लागतं. शिवाय दुकानात रात्री लाइट गेली होती का, हे पाकीट सांगत नाही.

मी दुकान बघून घेतो. ओंडका दिवसातून किती वेळा खरवडून धुतला जातो, पाणी वाहतं आहे की बादलीतलं, जिवंत कोंबड्यांचा पिंजरा कापायच्या जागेला खेटून आहे का, कापणारा त्याच हाताने नोटा मोजतो का, भिंतीवर १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक आहे का. धुळवडीच्या सकाळी जिथे रांग कोपऱ्यापर्यंत जाते तिथे यातलं काहीच पाळलं जात नाही. त्या दिवसाचं चिकन आदल्या संध्याकाळी आणून फ्रीजमध्ये ठेवलेलं केव्हाही चांगलं.

गावरान, कडकनाथ किंवा 'अँटिबायोटिक-फ्री' घेतलं तर सुटलो का?

पूर्ण नाही. अंगणात फिरणाऱ्या गावरान कोंबडीला औषध कमी मिळतं हे बहुधा खरं, पण ती गटारात चोचही मारते. आणि गावरान म्हणून विकलं जाणारं सगळंच अंगणातलं नसतं. शेडमध्ये वाढवलेले रंगीत पक्षीही त्याच नावाने खपतात.

लेबल नीट वाचा. 'अँटिबायोटिकचे अंश नाहीत' याचा अर्थ विक्रीच्या वेळी औषध शरीरात उरलेलं नव्हतं. 'अँटिबायोटिकशिवाय वाढवलेली' हा त्याहून मोठा दावा आहे. दोन्हींपैकी एकही दावा मांसावर जंतू नाहीत असं म्हणत नाही. तरीही खिशाला परवडत असेल तर दुसऱ्या प्रकारचं चिकन घ्यावं असं मला वाटतं. त्याने तुमच्या ओट्यावरची काळजी कमी होत नाही, पण शेडमध्ये औषध कमी वापरणाऱ्याला गिऱ्हाईक मिळतं.

अंडी?

तेच नियम, थोडे सौम्य. बलक घट्ट होईपर्यंत शिजवा, तडकलेलं अंडं घेऊ नका, कवचाला हात लावल्यावर हात धुवा. जिममधली पोरं कच्ची अंडी दुधात फोडून पितात, ते थांबवा.

ब्रॉयलरला वाढीची इंजेक्शनं देतात म्हणे?

हार्मोनची नाही. दहा हजार पक्ष्यांना एकेक करून टोचत बसणं कुणाला परवडेल? इतक्या भराभर होणारी वाढ निवडक पैदाशीतून आणि प्रथिनयुक्त खाद्यातून येते. इंजेक्शन असतं ते लसीचं, आणि लस तर हवीच. लस टोचलेल्या कळपाला अँटिबायोटिक कमी लागतं.

बर्ड फ्लू म्हणजे हेच ना?

नाही. बर्ड फ्लू विषाणूमुळे होतो आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालतच नाही. नागपूरकरांच्या मनात दोन्हींची गल्लत होणं साहजिक आहे. मार्च २०२४ मध्ये सेमिनरी हिल्सवरच्या सरकारी उबवणी केंद्रात बर्ड फ्लू निघाला आणि आठ हजारांहून जास्त पक्षी मारावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरात गोरेवाड्यातले तीन वाघ आणि एक बिबट्या या विषाणूने दगावले. तेव्हा शहरातली चिकनची दुकानं ओस पडली तरी नीट शिजवलेल्या चिकनमधून हा आजार होत नाही, कारण हा विषाणूही शिजवताना मरतो.

सरकारने काही केलं आहे का?

केलं आहे, आणि एक पाऊल खरंच मोठं आहे. कोलिस्टिन हे जुनं औषध मूत्रपिंडाला त्रासदायक म्हणून डॉक्टरांनी मागे ठेवलं होतं. बाकी सगळं हरल्यावर अतिदक्षता विभागात तेच शेवटचं हत्यार उरलं. इकडे ते कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास जात होतं. २०१५ च्या नोव्हेंबरात चीनमधून बातमी आली की कोलिस्टिनला दाद न देण्याचं जनुक डुकरांत, कच्च्या मांसात आणि माणसांत सापडलं, आणि तेही प्लाझ्मिडवर. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मांस, दूध, अंड्यांसाठी बंदी असलेल्या अँटिबायोटिकांची यादी वाढवली, ती १ एप्रिल २०२५ पासून लागू आहे.

कागद ठीक आहे. नमुने घेणारी माणसं आणि प्रयोगशाळा किती, हा पुढचा प्रश्न. देशातल्या एकूण मांसात जवळपास निम्मा वाटा कोंबडीचा आहे. एवढ्या मालावर नजर ठेवायला बरंच मनुष्यबळ लागेल.

घरात तान्हं बाळ, गरोदर सून किंवा केमो चालू असलेलं माणूस आहे. चिकन बंद करायचं का?

डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर बंद करायचं कारण नाही. घरी शिजवलेलं, वाफाळतं खायला द्या. बाहेरची तंदुरी, शोरमा आणि त्यासोबतची कच्ची कोबी टाळा. केमो चालू असेल तर ताटातला कच्चा कांदाही टाळलेला बरा. चिकन साफ करणाऱ्याने बाळाची बाटली त्या वेळी हाताळू नये.

चिकन खाऊन जुलाब लागले. मेडिकलमधून गोळ्या आणू का?

ओआरएस आणा. अँटिबायोटिक नको. बहुतेक जुलाब दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात. साध्या साल्मोनेलात अँटिबायोटिक घेतल्याने जंतू उलट जास्त दिवस पोटात रेंगाळतात. शौचातून रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणं, सुस्ती, किंवा रुग्ण लहान मूल वा म्हातारं माणूस असेल तर दवाखान्यात जा. तिथे डॉक्टरांनी शौचाची तपासणी सांगितली तर टाळू नका, कोणतं औषध लागू पडेल ते त्यातूनच कळतं.

औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ दिसली की ते चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. कोंबडीवाल्याला नावं ठेवून काउंटरवरून दोन गोळ्या सुट्ट्या मागणारा माणूसही तेच करतो जे शेडमध्ये होतं: अर्धवट डोस, विनाकारण.

माझं स्वतःचं शेड आहे. औषध कमी केलं तर मरतूक वाढेल, मग?

औषध एकदम तोडून बाकी सगळं तसंच ठेवलं तर वाढेलच. आधी शेड सुधारायचं. दोन बॅचमध्ये शेड रिकामं ठेवून भुसा पूर्ण काढणं, चुना मारणं, दाराशी पाय बुडवायला जंतुनाशक, बाहेरच्या गाड्या आणि माणसं आत न येऊ देणं, पाण्याची टाकी आणि निपल साफ ठेवणं, लसीकरण वेळेवर. उन्हाळ्यात फॉगर, छतावर तुराट्या किंवा गवत, आणि पक्ष्यांची गर्दी कमी. मरतूक दिसली की दुकानदाराला विचारून औषध ओतण्याआधी मेलेला पक्षी तपासून घ्या. पशुवैद्यकीय महाविद्यालय नागपुरातच आहे, माफसूचं, म्हणजे राज्याच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालयही इथेच आहे. आजार विषाणूचा निघाला तर अँटिबायोटिकचे पैसे तरी वाचतील.

खताचंही बघा. शेडमधलं ओलं कोंबडखत थेट संत्र्याच्या बागेत किंवा भाजीत टाकलं तर जंतू आणि त्यांची जनुकं मातीत जातात. ढीग लावून, पलटून, नीट कुजवून मगच टाका. ढीग आतून तापतो तेव्हा बरेच जंतू मरतात.

दुकान फारच घाण आहे. तक्रार कुठे करायची?

दुकानातली अस्वच्छता आणि उघड्यावरची कत्तल यासाठी महानगरपालिका. खाद्यपदार्थाची तक्रार असेल तर अन्न व औषध प्रशासन, किंवा एफएसएसएआयचं 'फूड सेफ्टी कनेक्ट' अ‍ॅप. महाराष्ट्रात चिकनचा नमुना घेणारं आणि चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या मेडिकलवर कारवाई करणारं खातं एकच आहे, त्यामुळे दोन्ही तक्रारी एकाच दारात जातात. तारीख, वेळ, दुकानाचा पत्ता, बिल आणि फोटो जोडा. नुसतं 'फार घाण आहे' लिहिलं तर अर्ज पडून राहतो.

घरी आणलेलं चिकन लॅबमध्ये तपासून घेता येईल का?

मान्यताप्राप्त खाजगी प्रयोगशाळा पैसे घेऊन करून देतात. पण जंतू वाढवून त्यांच्यावर औषधं लावून बघायला काही दिवस लागतात, तोवर चिकन खाऊन झालेलं असतं. शिवाय एका तंगडीचा निकाल त्याच दुकानातल्या दुसऱ्या तंगडीला लागू नसतो. घरगुती गिऱ्हाइकाने या फंदात पडू नये. खानावळ, मेस किंवा केटरिंग चालवत असाल तर गोष्ट वेगळी: पुरवठादाराकडून दर काही महिन्यांनी अंशांचा आणि जंतूंचा, असे दोन्ही अहवाल मागा, आणि अहवालावर नमुना कोणत्या बॅचचा आणि कधी घेतला हे लिहिलंय का ते पाहा. जुन्या तारखेचा तोच कागद पुन्हा पुन्हा दाखवणारे बरेच आहेत.